सासूबाईंना यकृताचा भाग देताना : तपासण्या, कागदपत्रे आणि समितीसमोरची मुलाखत

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानुसार सून ही सासूची निकटची नातेवाईक ठरत नाही. पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि सख्खी भावंडे त्या यादीत पहिल्यापासून होती आणि 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे तीत आली. सून, जावई, दीर, वहिनी, भाचे, पुतणे मात्र आजही यादीबाहेर आहेत. यांच्यापैकी कोणाला जिवंतपणी अवयव किंवा त्याचा भाग द्यायचा असेल, तर वैद्यकीय तपासण्यांबरोबरच प्राधिकार समितीची मंजुरी घ्यावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये मी माझ्या सासूबाईंना यकृताचा उजवा भाग दिला. त्याआधीच्या काही महिन्यांत या वाटेने आधी गेलेल्या सुनेचा किंवा जावयाचा मराठीतला अनुभव मला कुठेही वाचायला मिळाला नाही, म्हणून तो क्रमाने लिहून ठेवत आहे.

सासूबाईंनी आयुष्यात कधी मद्याला स्पर्श केलेला नाही, तरीही 2021 मध्ये त्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होत जाण्याचा आजार, झाल्याचे निदान झाले. वीस वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठत गेलेली चरबी हे त्याचे कारण होते. फॅटी लिव्हर हा शब्द सोनोग्राफीच्या अहवालात इतक्या सहजपणे छापलेला असतो की तो कोणी मनावर घेत नाही. पण काही जणांमध्ये त्या चरबीमुळे दाह होतो, दाहातून यकृतात व्रणासारखे तंतू तयार होतात आणि अनेक वर्षांनी यकृत कडक व गाठाळ होते. ही वाटचाल बहुतेक वेळा न दुखता, न खुपता होते. पहिली दोन वर्षे सासूबाईंनाही विशेष त्रास नव्हता. जानेवारी 2024 मध्ये पोटात पाणी साठू लागले, मार्चमध्ये एकदा त्यांना दिवस-रात्रीचे भान राहिले नाही, आणि तिथून सगळे वेगाने बदलले.

या काळात आमच्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी एरंडाच्या पानांचा रस सुचवला, कोणी भुईआवळा, कोणी गुळवेलीचा काढा, तर कोणी काविळीचे औषध नाकात सोडणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. यकृततज्ज्ञांनी यावर चिडण्याऐवजी शांतपणे जे समजावले, ते मला फार उपयोगी पडले. कावीळ हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. हिपॅटायटिस ए आणि ई या दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळी बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात, त्यामुळे त्या काळात जे काही दिलेले असते त्याला श्रेय मिळते. तेच औषध सिरॉसिसच्या रुग्णाला दिले तर कमी शिल्लक असलेल्या यकृतावर आणखी एक भार पडतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला होता. वाद काहीही असो, ज्याच्या यकृताची राखीव शक्ती संपली आहे त्याच्यावर असा प्रयोग करू नये, असे आमच्या डॉक्टरांचे स्पष्ट मत होते. भाजी-आमटीतली हळद चालेल, पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत, हेही त्यांनी सांगितले, कारण त्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

घरी करण्यासारखे पुष्कळ काही होते, फक्त ते कोणाला 'उपाय' वाटत नव्हते. मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ बंद. प्रथिने मात्र कमी करायची नव्हती; सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झडतात, म्हणून डाळी, दूध, पनीर, अंडी उलट वाढवायची होती. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पोटभरीचे खाणे आवश्यक होते, कारण अशा यकृतात साखरेचा साठा टिकत नाही आणि रात्रीच्या उपाशीपोटी शरीर स्नायू मोडून ऊर्जा मिळवू लागते. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचे, लॅक्टुलोजच्या मात्रेने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होते की नाही ते पाहायचे आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके कधीही द्यायची नाहीत. या वहीमुळे दोन वेळा पाणी वाढत असल्याचे लवकर कळले. सुईने पोटातले पाणी काढल्यावर द्यावी लागणारी अल्ब्युमिनची प्रत्येक बाटली काही हजारांची असल्याने हे लवकर कळणे खिशालाही उपकारक होते.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला. मृत दात्याच्या प्रतीक्षा यादीत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवण्यात आले, पण त्या यादीला तारीख नसते. जिवंत दाता मिळू शकतो का, हे समांतरपणे पाहावे असा सल्ला मिळाला. माझ्या नणंदेचा रक्तगट जुळत नव्हता. माझ्या पतींचा जुळत होता आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी रक्त दिले; पण सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या यकृताची घनता प्लीहेपेक्षा बरीच कमी दिसली. याचा अर्थ त्यांच्या यकृतातही लक्षणीय चरबी होती. वजन आठ-दहा टक्क्यांनी उतरवून सहा महिन्यांनी पुन्हा या, असे त्यांना सांगण्यात आले आणि सासूबाईंकडे सहा महिने आहेत याची खात्री कोणी देत नव्हते. आईला जे झाले त्याचीच सुरुवात आपल्यात आहे हे त्या खोलीत ऐकणे त्यांना दाता म्हणून नाकारले जाण्यापेक्षाही जड गेले असावे, असे मला वाटते.

माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. मी हे बोलून दाखवले तेव्हा पहिला नकार सासूबाईंचाच आला. "तुझ्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवू?" हे त्यांचे वाक्य होते. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी मोजकेच बोलल्या. अखेर प्रत्यारोपण समन्वयक ताईंनी त्यांना सांगितले की तपासणी करणे म्हणजे दान करणे नव्हे, आणि सुनेला शेवटच्या मिनिटापर्यंत मागे फिरता येईल. हे नुसते समजुतीचे बोलणे नव्हते. माझी भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्याशी स्वतंत्र भेट झाली तेव्हा प्रत्येकाने घरच्यांना बाहेर बसवले, आणि प्रत्येकाने या ना त्या शब्दांत हेच सांगितले की तुम्हाला नको असेल तर आम्ही कुटुंबाला 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढेच कळवू, कारण सांगणार नाही. दाता होऊ पाहणाऱ्या, विशेषतः घरातल्या सुनांनी, ही सोय असते हे आधीच माहीत करून घ्यावे.

जूनमध्ये माझ्या तपासण्या सुरू झाल्या. रक्ताच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, हृदयाची टूडी इको आणि ताणचाचणी, फुप्फुसांची क्षमता, स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, मॅमोग्राफी, मग यकृताचा तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन आणि पित्तनलिकांचा एमआरआय. खर्च आणि धोका यांच्या चढत्या क्रमाने त्या लावलेल्या असतात, म्हणजे एखादा अडथळा असेल तर तो स्वस्त तपासणीतच कळावा. सीटीवरून यकृताचे आकारमान मोजतात. देण्याचा भाग रुग्णाच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के तरी असावा आणि दात्याकडे किमान 30 ते 35 टक्के यकृत उरावे, असे हे गणित आहे. माझा उजवा भाग सुमारे 680 ग्रॅम भरला आणि मागे 37 टक्के राहणार होते. पण माझ्याही यकृतात थोडी चरबी होती. डॉक्टरांनी बायोप्सीऐवजी पाच किलो वजन उतरवण्याचा पर्याय दिला आणि जुलैच्या मध्याला पुन्हा स्कॅन करायचे ठरले.

इथेही लोकांनी लिंबूपाणी, कारल्याचा रस आणि 'लिव्हर डिटॉक्स' सुचवले. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद मात्र एका पानाचाच होता: साखर आणि गोड पेये पूर्ण बंद, भात-पोळीचे मोजके प्रमाण, प्रत्येक जेवणात डाळ किंवा दही आणि भरपूर भाजी, रात्रीचे जेवण लवकर, रोज तासभर भरभर चालणे, आणि कोणताही काढा, चूर्ण किंवा पूरक गोळी नाही. बिनसाखरेची कॉफी चालेल, हे वाचून मला बरे वाटले. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे तंतुमयीकरण कमी आढळते, असे अनेक पाहण्यांमध्ये दिसले आहे. वजनाच्या पाच टक्के घट झाली तरी यकृतातली चरबी कमी होते आणि सात ते दहा टक्क्यांनी दाहही कमी होतो, असे त्यांनी सांगितले होते. जुलैतल्या स्कॅनमध्ये माझे यकृत मर्यादेत आले. माझ्यासोबत चालायला येणाऱ्या पतींचेही वजन उतरू लागले होते, पण त्यांची वेळ तोपर्यंत निघून गेली होती.

शल्यचिकित्सकांनी धोक्याचे आकडे झाकून ठेवले नाहीत. उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूचा धोका साधारणपणे दोनशेत एक ते पाचशेत एक इतका सांगितला जातो. पित्त झिरपणे, संसर्ग, रक्तस्राव आणि नंतर हर्निया होणे या गुंतागुंती त्याहून बऱ्याच अधिक प्रमाणात होतात. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. हा आकडा ऐकल्यानंतरच्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप न लागण्याचे कारण मी कोणाला सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना मात्र सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि म्हणाल्या की भीती वाटत नाही असे म्हणणाऱ्या दात्यांची त्यांना अधिक काळजी वाटते.

कागदपत्रांचे काम तपासण्या संपण्याची वाट न पाहता पहिल्या रक्तचाचणीच्या दिवशीच सुरू करावे, हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. 2014 च्या नियमांप्रमाणे निकटचे नातेवाईक नसलेल्या दात्यासाठी फॉर्म 3 आणि दाता व रुग्ण यांचा संयुक्त अर्ज म्हणून फॉर्म 11 भरावा लागतो. ओळख, वय व पत्त्याचे पुरावे, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, शिधापत्रिका, पतीचे आणि माझ्या आईवडिलांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, 'मी हे का देत आहे' याचे निवेदन आणि दाता व रुग्ण या दोघांच्याही मागील तीन आर्थिक वर्षांच्या व्यवसायाचे व उत्पन्नाचे पुरावे आम्हाला जोडावे लागले. या शेवटच्या अटीमागे पैशांचा व्यवहार झालेला नाही हे तपासण्याचा हेतू आहे. आमचा अर्ज जुलै-ऑगस्टच्या सीमेवर असल्याने 2023-24 चे आयकर विवरणपत्र अंतिम मुदतीची वाट न पाहता जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरून टाकले. सासूबाईंना केवळ कुटुंब निवृत्तिवेतन असल्याने त्यांच्या बँकेचे खातेउतारे आणि निवृत्तिवेतनाचा आदेश जोडला. आम्ही दोघी एकाच राज्यातल्या आणि एकाच पत्त्यावरच्या असल्याने अधिवासाची वेगळी पडताळणी लागली नाही. दाता परराज्यातला असेल तर त्या पडताळणीसाठी बराच अवधी धरावा.

आणखी एक अडचण नावांची होती. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि सासूबाईंच्या शिधापत्रिकेवर त्यांचे नाव एका वेलांटीने वेगळे. समन्वयक ताईंनी सगळ्या कागदांवरची नावे एका तक्त्यात मांडून घेतली आणि जिथे फरक होता तिथे 'एकच व्यक्ती' असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यायला लावले. मूळ प्रती एका फाइलमध्ये आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचे तीन संच वेगळे ठेवल्याने पुढे धावपळ वाचली.

नियमांत दाता आणि रुग्ण एकत्र असलेली जुनी छायाचित्रेही पुरावा म्हणून मागितली आहेत. 2011 पासून एका घरात राहूनही आम्हा दोघींची एकत्र छायाचित्रे शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण घरातल्या प्रत्येक समारंभात आमच्यापैकी एक जण स्वयंपाकघरात किंवा कॅमेऱ्याच्या मागे होती. लग्नातले एक, मुलीच्या बारशातले एक आणि अष्टविनायकाच्या सहलीतले एक अशी तीन मिळाली. लग्नातल्या छायाचित्रात सासूबाई माझ्याकडे जराशा संशयाने पाहत आहेत, आणि तेच पुराव्याला लावायचे यावर त्या स्वतःच हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या.

प्राधिकार समितीची बैठक 8 ऑगस्टला झाली. ज्या रुग्णालयात वर्षाला पंचवीस किंवा अधिक प्रत्यारोपणे होतात तिथे अशी समिती रुग्णालयाच्याच पातळीवर असते आणि तिच्यावर शासनाचे प्रतिनिधीही असतात. इतर ठिकाणी जिल्हा किंवा राज्य पातळीवरील समितीकडे जावे लागते. आमची मुलाखत कॅमेऱ्यासमोर झाली. मला आधी एकटीला बोलावले. सासूबाईंना कोणता आजार आहे, माझ्या शरीरातून काय काढणार, त्यात मला काय होऊ शकते, नवऱ्याने का दिले नाही, घर कोणाच्या नावावर आहे, मला काही देण्याचे कोणी कबूल केले आहे का, असे प्रश्न होते. घराच्या नावाचा प्रश्न मला क्षणभर खुपला; पण स्त्री दात्याच्या बाबतीत अधिक दक्षता घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळावी असे नियमांतच लिहिलेले आहे, आणि अवयव देणाऱ्यांत घरोघरच्या बायका किती असतात हे रुग्णालयाच्या बाकांवर बसून पाहिल्यावर त्या नियमाचे महत्त्व मला वेगळे सांगावे लागले नाही.

दात्याच्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीलाही समिती विचारते की तुम्हाला याची कल्पना आहे का, आणि तुमचा तीव्र विरोध आहे का. माझे वडील त्यासाठी आले होते. ते सत्तरीतले, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, एरवी नेमके बोलणारे. "विरोध नाही. पण मला विचाराल तर मी तिला दिली असती का परवानगी, हे मला ठाऊक नाही, तिने मागितली नाही, सांगितले," असे ते म्हणाले. समितीतल्या एका सदस्यांनी विचारले की हा विरोध समजायचा का? वडिलांनी थोडा वेळ घेतला आणि "नाही, ही काळजी समजावी," असे उत्तर दिले. हे मला बाहेर आल्यावर त्यांनीच सांगितले. बैठकीनंतर 24 तासांत निर्णय देऊन तो सूचना फलकावर लावणे बंधनकारक आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. अर्ज नामंजूर झाला तर 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

पैशांबद्दल स्पष्टच लिहिते. रुग्णालयाचे अंदाजपत्रक 22 लाखांचे होते. सासूबाईंची आरोग्य विमा पॉलिसी 10 लाखांची होती; उरलेल्यासाठी मुदत ठेवी मोडल्या आणि सोने तारण ठेवले. मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या उत्पन्न मर्यादेत आम्ही बसत नव्हतो, पण ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून या निधीचे, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचे आणि धर्मादाय संस्थांचे अर्ज शस्त्रक्रियेआधीच करावेत. दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च अनेक पॉलिसींत रुग्णाच्या विम्यातून मिळतो, मात्र दात्याच्या आधीच्या तपासण्या आणि नंतरची गुंतागुंत बहुधा वगळलेली असते. आमची तपासण्यांची बिले त्याच कलमाने परत आली. पॉलिसीतला 'अवयवदाता' हा परिच्छेद आधी वाचून विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागवणे हिताचे आहे.

मी केंद्र शासनाच्या कार्यालयात नोकरीला आहे. एप्रिल 2023 च्या आदेशानुसार अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला कमाल 42 दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते; ती साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्याच्या दिवसापासून सलग घ्यावी लागते. आमच्या आस्थापना शाखेत असा अर्ज पूर्वी आलेला नव्हता, त्यामुळे आदेशाची प्रत मीच अर्जाला जोडली. 19 ऑगस्टला मी दाखल झाले आणि 21 ला शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेतले मला काही आठवत नाही, म्हणून त्यानंतरचे लिहिते. अतिदक्षता विभागात जाग आली तेव्हा वेदनेपेक्षा तहान अधिक होती. पहिले काही दिवस खोकला येणे हीच सर्वांत मोठी भीती असते. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचे, हे परिचारिकांनी आधी शिकवले होते. स्पायरोमीटरचे चेंडू वर उचलण्याचा कंटाळा करू नये. दात्याचे पित्ताशयही काढावे लागते, हे अनेकांना माहीत नसते. तेलकट खाल्ल्यावर पोट बिघडण्याचा त्रास मला काही आठवडे झाला. ऑगस्ट संपता संपता मी घरी आले आणि सासूबाई सप्टेंबरच्या मध्याला. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून त्यांना टॅक्रोलिमसच्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने आयुष्यभर घ्यायच्या आहेत, आणि त्या औषधाची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी नमुना दिल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, हे आम्ही फ्रिजच्या दारावर लिहून लावले आहे.

30 सप्टेंबरला मी कामावर रुजू झाले. तीन महिने जड उचलायचे नव्हते, त्यामुळे कार्यालयात फाइलींचे गठ्ठे सहकाऱ्यांनी उचलले. नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये माझे यकृत वाढून मूळ आकारमानाच्या बरेच जवळ आले होते. व्रणाच्या उजव्या बाजूची त्वचा मात्र अजून बधिर आहे आणि ती तशी राहू शकते, असे सांगितले आहे. सासूबाईंचे बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले काविळीचे प्रमाण, एकच्या आत आहे. पतींचे वजन नऊ किलोंनी उतरले असून त्यांच्या फायब्रोस्कॅनमधला (यकृताचा कडकपणा आणि चरबी मोजणारी तपासणी) चरबीचा आकडा खाली आला आहे. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. ज्यांची फाइल अजून समितीपुढे जायची आहे त्यांनी मंजुरीच्या आदेशाच्या आणि दात्याच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्रमाणित प्रती लगेच मागून घ्याव्यात, कारण विम्याला, रजेला आणि दात्याच्या पुढच्या प्रत्येक तपासणीला त्या लागतात.